दर रविवारी काठ लख्ख करतो, पुढच्या रविवारी पुन्हा तेवढाच कचरा: आमचं चुकतंय कुठे?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आठ महिने झाले, दर रविवारी तुम्ही तळ्याकाठची सार्वजनिक पुळण वेचून लख्ख करता आणि पुढच्या रविवारी जणू काही झालंच नाही असा कचरा पुन्हा हजर असतो. सुरुवातीला चाळीस जण यायचे, आता सात उरलेत. तुम्ही विचारलंय, वेळ वाया चाललाय का, की माणसं आणि गोण्या वाढवायला हव्यात?

गोण्या वाढवू नका. सात माणसंही कमी नाहीत. तुम्ही कचरा न बघता उचलताय, माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

मी सोळा वर्षं हे काम करतेय आणि त्यातली पहिली चार अगदी तुमच्यासारखी गेली. गोणी भरायची, गाठ मारायची, किती गोण्या झाल्या ते मोजून खूश व्हायचं. मग एका रविवारी मध्येच पाऊस आला. गोण्या घेऊन आम्ही शेडखाली थांबलो. वेळ जाईना म्हणून एका शाळकरी मुलीने तिची गोणी ताडपत्रीवर पालथी केली आणि वस्तूंच्या रांगा लावायला बसली. बाटल्यांची झाकणं एकीकडे, सिगारेटची थोटकं एकीकडे. एक रांग पांढऱ्या बारीक काड्यांची झाली, शंभराच्या वर. आम्ही सगळे म्हणालो, लॉलीपॉपच्या असतील. तिने एक काडी डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाली, ‘हिला दोन्ही टोकांना खाचा आहेत.’

त्या खाचा कापूस धरून ठेवायला असतात. कान साफ करायच्या काड्या होत्या त्या. आता तळ्यावर येऊन कान कोण कोरतं? लोक त्या संडासात टाकतात आणि काडी इतकी बारीक असते की सांडपाण्याच्या जाळीतूनही उभी निसटते. म्हणजे आमच्या पुळणीवर कुठून तरी सांडपाणी येत होतं आणि चार वर्षं आम्ही त्याचा पुरावा गोण्यांत भरून फेकून देत होतो. पाऊस थांबल्यावर आम्ही नाल्याच्या काठाने वर चालत गेलो. पाऊण किलोमीटरवर एक चेंबर उसळून सरळ नाल्यात वाहत होतं. फोटो, तारखा आणि काड्यांची मोजणी घेऊन सात-आठ महिने खेटे घातले, मग ते दुरुस्त झालं. पुढच्या पावसाळ्यात काड्या सापडल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. एवढं काम चार वर्षांच्या गोण्यांनी केलं नव्हतं.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की पुढचे दोन-तीन रविवार उचललेला कचरा लगेच गोणीबंद करू नका. ताडपत्रीवर ओता, वर्गवारी करा, मोजा.

मोजणीची कल्पना काही माझी नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरॅनिस आणि कॅथी ओहारा यांनी मोठी स्वच्छता मोहीम काढली आणि लोकांच्या हातात गोणीबरोबर तक्ताही दिला: जे उचलाल ते लिहा. त्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली. ती आता सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी होते, समुद्रकिनाऱ्यांबरोबर नद्या-सरोवरांवरही. उचलणं तेव्हाही लोकांना सुचतच होतं, लिहून ठेवणं नवं होतं.

ताडपत्रीवर काय बघायचं ते सांगते. कचरा साधारण तीन वाटांनी येतो: काठावर आलेल्या माणसांनी टाकलेला, पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून आणलेला, आणि कोणीतरी रात्री गाडीने आणून ओतलेला. तिसरा ओळखायला सोपा. फरशीचे तुकडे, गादी, टायर एकाच ठिकाणी ढिगाने असतात आणि तिथवर चाकं पोचतात. वाटेत दोन मोठे दगड किंवा खांब उभे करून घेतले की बहुतेक वेळा तो थांबतो. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पहिल्या दोघांत गल्लत होते. थोटकं, खाऊची वेष्टणं, पेयांचे कप बाक आणि पायऱ्यांभोवती, वाळूच्या वरच्या भागात, कोरडे आणि रंग न उडालेले दिसले तर ते इथलेच. त्याच वस्तू पाण्याच्या रेषेत, शेवाळात गुंतलेल्या, रंग उडालेल्या मिळाल्या तर त्या प्रवास करून आल्यात. थोटकांबद्दल एक गैरसमज हमखास असतो, की फिल्टर कापसाचा आहे, कुजेल. तो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचा असतो. ओला होऊन फुगतो, वाळूत मिसळतो, पण सहजासहजी संपत नाही.

मसूरडाळीच्या आकाराचे, २ ते ५ मिलिमीटरचे गुळगुळीत दाणे दिसले तर ते कुठल्याही वस्तूचे तुकडे नाहीत. तो प्लास्टिक कारखान्यांचा कच्चा माल आहे, वाहतुकीत किंवा गोदामात सांडलेला. प्लास्टिकची जाळीदार चाकासारखी छोटी चकती मिळाली तर सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांतून निसटलेली असू शकते. त्यांत जिवाणू वाढवायला अशा चकत्या हजारोंनी सोडलेल्या असतात. थर्माकोलचे मणी एकदम वाढले तर आसपास बांधकाम सुरू झालंय का ते बघा. प्रत्येक वस्तूमागे एक पत्ता असतो, तो वाचायची सवय महिनाभरात लागते.

आता तळ्याचा स्वभाव. समुद्रकिनाऱ्याचे सल्ले तळ्यावर जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण इथे जाणवण्याइतकी भरती-ओहोटी नसते. समुद्र रोजच्या रोज काठ धुतो, तळं धूत नाही. इथे कचरा हलवतो तो वारा आणि पाण्याची पातळी. सलग दोन दिवस जोराचा वारा एकाच दिशेने वाहिला की तरंगणारं सगळं समोरच्या काठाला जमतं. मोठ्या सरोवरात तर वारा पाणीच एका बाजूला लोटतो आणि तो पडला की पाणी परातीतल्यासारखं हेलकावत परत येतं. याला सेश म्हणतात. त्या हेलकाव्यात कचऱ्याची रेषा नेहमीपेक्षा बरीच वर जाऊन बसते. पातळी उतरत असेल तर एकाखाली एक अशा रेषाच पडतात: वरची जुनी, खालची ताजी.

तुमचा रविवार हा कॅलेंडरचा दिवस आहे, तळ्याला तो माहीत नाही. वारा जोरात वाहून गेल्यानंतरचा दिवस किंवा पहिल्या मोठ्या पावसानंतरचा दिवस, तेव्हा दोन तास काम करा. शांत हवेच्या चार रविवारांपेक्षा जास्त हाती लागेल. आम्ही दर आठवड्याचं काम बंद करून महिन्याला एक ठरलेला दिवस आणि वाऱ्या-पावसानंतर एक जादा फेरी असं केलं. लोकांना दमही खाता आला.

काठावर दिसतं ते सगळं नसतं, हेही लक्षात घ्या. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिकं पाण्यापेक्षा हलकी, म्हणून झाकणं, पिशव्या, दोऱ्या तरंगत येतात. बाटली ज्याची असते ते पेट (PET) प्लास्टिक पाण्यापेक्षा जड, पाण्याची घनता १ धरली तर त्याची साधारण १.३८. बूच घट्ट असेल तर आतल्या हवेवर ती तरंगते, उघडी असेल तर भरते आणि तळाशी जाते. काठावर झाकणं शेकड्यांनी आणि बाटल्या मोजक्या मिळतात त्याचं हे एक कारण. आणि तळ्यात गेलेलं सहजी बाहेर पडत नाही. उत्तर अमेरिकेतल्या अवाढव्य सुपीरियर सरोवरातलं पाणी बदलायला सुमारे १९० वर्षं लागतात, तिथल्याच उथळ एरी सरोवराचं अडीच-तीन वर्षांत बदलतं. तुमचं तळं छोटं असेल, पण बाहेर जाणारा प्रवाह बारीक असेल तर हिशोब तोच. त्यामुळे कचरा पाण्यात शिरण्याआधी, नाल्याच्या तोंडाशी किंवा बाकापाशी, पकडता आला तर एका माणसाचं काम दहा जणांइतकं होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. कोणतं तोंड आधी बंद करायचं हे तुमच्या जागेवर ठरेल. काठाचा मालक कोण, पोहायला परवानगी आहे का, मासेमारी चालते का, नाला किती आणि कुठून येतो, हे मला माहीत नाही. मोजणीत निम्म्याहून जास्त वस्तू बाकाजवळच्या निघाल्या तर नाल्यामागे धावण्यात अर्थ नाही. उलट असेल तर ‘कचरा करू नका’च्या पाट्या लावून काही होणार नाही, कारण टाकणारा माणूस तुमच्या काठावर आलेलाच नाही.

कचरापेट्यांचंही तसंच. सगळ्यांना वाटतं पेट्या लावल्या की प्रश्न सुटला. गर्दीच्या दिवशी संध्याकाळी पेटी रिकामी करणारा माणूस ठरलेला असेल तरच लावा. नाहीतर दुपारी ती भरते, लोक सज्जनपणे तिच्या शेजारी पिशवी ठेवून जातात, कावळे-कुत्री ती फाडतात आणि रात्रीच्या वाऱ्यात सगळं पाण्यात. पेटी झाकणाची हवी आणि पाण्याच्या कडेला नको, बाहेर पडायच्या वाटेवर हवी. माणूस निघताना कचरा घेऊन निघतो, पोहता पोहता नाही.

आता काय उचलायचं नाही ते. तुम्ही लिहिलंय की दाताळं फिरवून काठ ‘एकदम गुळगुळीत’ करता. ते कृपा करून थांबवा. पाण्याच्या रेषेत साचणारी काड्या, पानं, पाणवनस्पती, शिंपल्यांची ओळ हा कचरा नाही. तिच्यात किडे आणि अळ्या वाढतात, त्यांवर काठाचे पक्षी जगतात, आणि तीच ओळ वाळूही धरून ठेवते. टिटव्या आणि चिखल्या तर घरटं असं बांधतच नाहीत. उघड्यावर, गोट्या-वाळूत नुसता खळगा करतात आणि अंडी गोट्यांच्याच रंगाची. दाताळ्याखाली ती कधी गेली हे कळतही नाही. विणीच्या दिवसांत एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरपटत तुमच्यापुढे पळू लागला तर तो जखमी नाही, तुम्हाला घरट्यापासून दूर नेतोय. आल्या पावली परत फिरा आणि तो पट्टा महिनाभर सोडून द्या. ओळीतलं प्लास्टिक हाताने किंवा चिमट्याने वेचा, ओळ तिथेच राहू दे.

याला एक अपवाद. लोक जिथे पोहायला उतरतात तिथे शेवाळाचे जाड कुजके थर साचले तर त्यांत ई. कोलाय जिवाणू टिकून राहतात. तो थर काढणं योग्य, पण ज्यांच्याकडे पुळणीची जबाबदारी आहे त्यांना विचारून आणि तेवढ्याच पट्ट्यात.

थर्माकोलच्या चुऱ्याने सगळे वैतागतात. वेचायला गेलं की आणखी चुरा होतो. आम्ही बादलीत पाणी घेतो, वरवरची दोन बोटं जाडीची वाळू तसराळ्याने उचलून त्यात सोडतो आणि ढवळतो. वाळू बसते, मणी आणि प्लास्टिकचे दाणे वर येतात, चहाच्या गाळणीने काढून घ्यायचे. वाळू जिथली तिथे परत. हे संथ काम आहे आणि सगळ्या काठावर करता येत नाही, पण मुलांना यात जेवढी गोडी लागते तेवढी गोणी ओढण्यात कधीच लागत नाही.

मासेमारीचा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची बारीक दोरी, हा दुसरा छळ. लव्हाळ्यात गुंतलेला तंगूस ओढू नका, त्याच्या दुसऱ्या टोकाला गळ असू शकतो. कात्रीने कापत कापत सोडवा आणि फेकण्यापूर्वी वीतभर लांबीचे तुकडे करा, नाहीतर कचऱ्याच्या ढिगावर तोच दुसऱ्या पक्ष्याच्या पायात अडकतो. आमच्याकडे गळ टाकून बसणाऱ्या एका आजोबांशी मी वर्षभर फक्त ‘आज काही लागलं का?’ एवढंच बोलत होते. एक दिवस त्यांनीच खिशातून तंगुसाचं भेंडोळं काढून दिलं. मग खडकाजवळ एका खांबाला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा बांधला, तंगूस टाकायला. तो आजवर तेच रिकामा करतात. आधी भाषण दिलं असतं तर हे झालं नसतं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण यात सवलत नाही. इंजेक्शनची सुई दिसली तर टोपण परत बसवायचा प्रयत्न करू नका. चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, झाकण लावा, आणि बरणी कचऱ्याच्या गोणीत न टाकता जवळच्या दवाखान्याशी आधी बोलून तिथे द्या. बंद डबे, अनोळखी रसायनं उघडून हुंगू नका, जागा खुणेने अडवा आणि कळवा. मेलेल्या पक्ष्यांना उघडा हात नको, एकाच वेळी बरेच मेलेले दिसले तर वन किंवा पशुवैद्यकीय खात्याला कळवणं हेच तुमचं काम. पायात बंद बूट हवेत, अनवाणी कोणी नको.

आणि पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर त्या दिवशी काम रद्द. ते बहुतेकदा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जिवाणू असतात, त्यांतले काही विष तयार करतात आणि असं पाणी पिऊन कुत्री दगावल्याची उदाहरणं आहेत. ऑगस्ट २०१४मध्ये एरी सरोवरातल्या या विषामुळे अमेरिकेतल्या टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं, उकळूनही नाही, कारण उकळल्याने विष जात नाही. हातमोजे घातलेत म्हणून चालेल, असं म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला चहा पाजून घरी पाठवा.

गोण्यांची गाडी आधी ठरवा, मग लोकांना बोलवा. हा धडा मला महागात पडला. एका मोठ्या मोहिमेत आम्ही नव्वदच्या आसपास गोण्या रचून ठेवल्या. ज्यांनी उचलायचं कबूल केलं होतं त्यांची गाडी सोमवारी आली नाही, मंगळवारी आली नाही. बुधवारी रात्री पाऊस कोसळला, पाणी चढलं आणि फाटलेल्या गोण्यांसकट निम्मा ढीग तळ्यात गेला. आधी तो काठभर विखुरलेला होता, आम्ही त्याला एकत्र करून पाण्यात ढकललं असंच झालं. तेव्हापासून गाडीचा माणूस फोनवर ‘निघालो’ म्हणेपर्यंत मी पहिली गोणी उघडत नाही. जमा केलेलं चढत्या पाण्याच्या रेषेच्या बरंच वर ठेवते.

राहिला माणसांचा प्रश्न. चाळीसचे सात झाले यात तुमचा दोष कमी आहे. दर आठवड्याला तेच काम, तोच कचरा, आणि काही बदलल्याचं दिसत नाही, अशा कामाला कोण टिकेल? मोजणी इथे कामाला येते. काठाचा १०० मीटरचा एक पट्टा पक्का करा, दोन्ही टोकांना न हलणारी खूण ठेवा, झाड किंवा खांब. युरोपातल्या समुद्रकिनाऱ्यांवरची कचरागणनाही अशीच १०० मीटरच्या ठरलेल्या पट्ट्यात होते. त्या पट्ट्यातली प्रत्येक वस्तू दर महिन्याला मोजायची, बाकी काठ नुसता वेचायचा. ‘मार्चमध्ये झाकणं इतकी होती, नाल्याला जाळी लावल्यावर इतकी’ असं सांगता आलं की लोक स्वतःहून विचारतात, यावेळी किती? आणि संबंधित कार्यालयात तुम्ही कचऱ्याचा फोटो घेऊन गेलात तर सहानुभूती मिळते, सहा महिन्यांचा तक्ता घेऊन गेलात तर फाइल उघडते.

हाताने उचलताच येत नाही अशा गोष्टींचा निकालही मोजणीनेच लागतो. अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे सुपीरियर, एरी वगैरे मोठ्या सरोवरांत, २०१२ साली जाळ्या ओढून नमुने घेतले तेव्हा त्यांत चेहरा धुण्याच्या साबणांतले प्लास्टिकचे बारीक मणी सापडले. ते कोणत्या स्वयंसेवकाने वेचले असते? २०१५च्या अखेरीला तिथे अशा मण्यांवर बंदीचा कायदा झाला.

तुमच्या सात जणांची वाटणी मी अशी करेन: तिघे वेचायला, दोघे ताडपत्रीवर वर्गवारीला, एक लिहायला, आणि एक नुसता चालायला. हा चालणारा महत्त्वाचा. त्याने हातात काही घ्यायचं नाही. नाल्याची तोंडं, बाकांमागची झुडपं, गाडी येऊ शकेल अशा वाटा बघत फिरायचं आणि नकाशावर खुणा करायच्या. वेळ दीड तास, त्यापुढे नाही. दीड तासानंतर लोक मोजत नाहीत, नुसतं भरतात.

येत्या रविवारी दाताळं घरी ठेवा, ताडपत्री आणि पेन्सिल घ्या. पेन ओल्या कागदावर चालत नाही. पहिल्या पाच वस्तू कोणत्या निघाल्या, त्या काठाच्या कोणत्या भागात होत्या आणि आदल्या दोन दिवसांत वारा कुठून होता, एवढं कळवा. नाल्याकडे जायचं की बाकांकडे, ते त्यावरून सांगते.